मिश्रणाचं तापमान

अप्पा आमच्या घरीच रसायनशास्त्राची शिकवणी घेतात. त्या संध्याकाळी उष्णतेची गणितं चालली होती. आईने कॉफी आणली. आम्हा सगळ्यांना स्टीलच्या टंबलरात आणि ओरत्तनाडू गावाच्या वेशीबाहेरच्या वस्तीतून येणाऱ्या अमुदाला कागदी कपात. नेहमीसारखीच.

अमुदाने आज मात्र विचारलं, "मलाच वेगळा कप का, सर?"

अप्पा जराही अडखळले नाहीत. "स्टील उष्णता ओढून घेतं, कागद फारशी घेत नाही. तुझी कॉफी जास्त वेळ गरम राहते, बरं का." वर हसलेही. इतकी वर्षं शिकवलेलं विज्ञान त्यांना असं वापरताना बघून मला शिसारी आली.

"मग तुम्हीही कागदी कप घ्या ना, सर."

अप्पांनी फळ्याकडे तोंड फिरवलं. "गणित लिहून घ्या. गरम पाणी गार पाण्यात ओतलं, की एकाने गमावलेली उष्णता दुसऱ्याला मिळते. शेवटी दोन्हींचं तापमान एकच होतं. कुठलं पाणी कुणाचं, हे मग कुणाला सांगता येत नाही."

अमुदाने कपाला ओठ लावून एक घोट घेतला. मग ती उठली आणि उरलेली कॉफी तिने अप्पांच्या अर्ध्या भरलेल्या टंबलरात ओतली. टंबलरात पाल पडावी तसा अप्पांनी हात मागे घेतला.

"आता अंतिम तापमान काढा, सर," ती म्हणाली.