दारापुरती रांगोळी

“एवढीच, आई?”

दारात जेमतेम ताटाएवढी रांगोळी होती. मला आठवत होती लहानपणची. लहर आली की आई उंबऱ्यापासून ठिपके टाकत निघायची ती थेट चौकापर्यंत. रिक्षावाले वळसा घालून जायचे, माझी मान ताठ व्हायची. मग महिनोन्महिने ती अंथरुणातून उठायची नाही.

तिच्या बायपोलर आजारावर बाकी सगळ्या औषधांनी हात टेकले, तेव्हा डॉक्टरांनी एक नवी गोळी दिली. त्या गोळीपायी दर आठवड्याला रक्त तपासायचं, झोपेत लाळेनं उशी भिजायची. वर्षभर आईनं रांगोळीचा डबा उघडला नव्हता. आज उघडला.

“चौकापर्यंतची काय दिसायची गं!” मी म्हणाले.

“दिसत असेल. मला तेव्हा थांबताच यायचं नाही.” तिनं पांढरी बोटं पदराला पुसली. “आज थांबले बघ.”