अडतीस नंबरची कॉलर

२००२च्या उन्हाळ्यात सैन्य सरहद्दीवर उभं होतं आणि चेन्नईजवळच्या आवडी गावातल्या लष्करी गणवेशांच्या कारखान्यात रविवारची सुट्टी बंद झाली होती. तिथे शिवणाऱ्या राजसबाईंचा मुलगा सरहद्दीवरच होता. त्याचा शर्ट अडतीस नंबरचा. दृष्ट लागू नये म्हणून त्या प्रत्येक अडतीसच्या कॉलरमध्ये काळ्या दोऱ्याची गाठ लपवत. कुठला त्याच्या वाट्याला येईल, कुणास ठाऊक. आज तपासनीस शिर्के उसवलेली कॉलर घेऊन समोर उभे राहिले. शेजारची मशीनं थांबली. नोकरी गेली तर क्वार्टरही जाणार. एरवी तमिळ बोलणाऱ्या शिर्क्यांनी हळूच मराठीत विचारलं, “बाई, हे काय?” “पोरासाठी बांधली, सार. सगळ्या उसवून देते.” शिर्क्यांनी दाराकडे पाहिलं. कॉलर परत मशीनवर ठेवली. “उसवू नका,” ते कसंबसं म्हणाले. “बेचाळीस नंबरातही बांधा. माझा धाकटा अंगानं थोराड आहे.”