झोपेतली तपासणी

बाळाच्या कपाळावर चिकटवलेली तार पुन्हा घसरली, तेव्हा नागपूरहून कानाच्या तपासणीसाठी आलेल्या बाईंनी आपली बोटं नाकाशी नेली.

"बाळाच्या डोक्याला तेल लावून आणलं?"

विशाखाने सासूकडे पाहिलं.

"मोहाचं हाये," केसरबाई तोऱ्यात म्हणाल्या. "चंद्रपुरात आणाचं लेकरू, कोरड्या टाळूनं कसं आणाचं?"

"तेलावर तार धरत नाही, मावशी. साबणानं धुऊन आणा आणि परत झोपवा. जागं मूल हलतं, मग मशीनला काही कळत नाही. लवकर करा, जेवणानंतर आम्ही मशीन घेऊन निघतो."

विशाखाने बाळाला उचललं. हे मशीन पुन्हा इकडे कधी येणार, कोण जाणे. संघपाल आठ महिन्यांचा झाला होता आणि हाक मारली तर वळून बघत नव्हता. ती रोज त्याच्या पाठीमागे उभी राहून स्टीलचं ताट खाली टाकायची. कधी तो दचकायचा, कधी ढिम्म. घरी चामोर्शीत शेजारच्या अंजनाबाई भिंतीपलीकडून विचारायच्या, "आज ताट नाई पडलं काऊन वो? बरी हायेस ना?" सगळे हसायचे. विशाखाही हसायची, आणि कुणी नसलं की पुन्हा ताट उचलायची.

व्हरांड्यातल्या नळाखाली डोकं धरताच पोराने टाहो फोडला. विशाखाने घाईघाईने साबण लावला. आता हा कसला झोपतो!

"दे इकडं," केसरबाई म्हणाल्या. "तेल मी लावलं, तं झोपवीन बी मीच."

त्यांनी तिथेच फरशीवर बसकण मारली, पाय लांब केले आणि त्याला पायांवर आडवं घातलं. मग पाय हलवत राहिल्या. गाणं नाही, बोलणं नाही. हुंदके लांबत गेले, मग थांबले.

खोलीतला पंखा बंद केला. यावेळी तारा नीट चिकटल्या. कानावर ठेवलेल्या यंत्रातून टिकटिक सुरू झाली. पडद्यावर हिरवी रेघ नुसती थरथरत होती. विशाखा पापणी न लववता बघत राहिली. बी.ए.च्या अभ्यासात असलं काही नव्हतं.

थरथर हळूहळू कमी झाली आणि रेघेने एका जागी पाठ वर काढली.

"ही बघा," बाईंनी बोट ठेवलं. "झोपेत आहे तो, पण आवाज मेंदूपर्यंत पोचला."

त्यांनी आवाज कमी केला. उंचवटा होता. आणखी कमी केला. आता शेजारी उभ्या विशाखालाही टिकटिक ऐकू येईना. उंचवटा बारीक झाला, जरा पुढे सरकला, पण होता. दुसऱ्या कानाचंही तसंच.

"दोन्ही कान चांगले आहेत. सातव्या महिन्यात जन्मलेलं मूल, वळून बघायला उशीर लागतोय. थोडे दिवस जाऊ द्या, मग पुन्हा दाखवा."

विशाखाने मान हलवली. वाकून संघपालच्या कपाळावरचे केस मागे सारले.

केसरबाई मात्र उसळल्या. "मी घरी हेच सांगून राह्यली होती. मशीनीलेबी हेच सांगाचं होतं, तं माह्यं तेल काऊन धुवाले लावलं?"

तपासणीच्या बाई हसल्या.

एस.टी. स्टँडवर बस गच्च भरली होती. कंडक्टर पत्र्यावर थापा मारत होता, फुटाणेवाला खिडकीखाली ओरडत होता, ड्रायव्हरने भोंग्यावर हात ठेवला होता. विशाखाच्या मांडीवर संघपाल गाढ झोपला होता. शेजारच्या सीटवरच्या बाईला केसरबाई मशीनची सगळी कथा खड्या आवाजात ऐकवत होत्या.

विशाखाने पदर ओढून त्याच्या कानावर धरला.

"मामीजी," ती सासूला म्हणाली, "जरा हळू बोला. उठेल ना तो."