पिशवीवरचा चेहरा

"जरा दारापर्यंत जाऊन ये," काकू म्हणाल्या.

डिझायनर मुलीने नमुन्याची पिशवी खांद्याला अडकवली आणि ती प्रकाशकांच्या ऑफिसातून दारापर्यंत चालत गेली. पिशवीवरून काकूंचा मुलगा मागे बघत होता. सोळा वर्षांचा, केस कपाळावर आलेले, शाळेच्या ओळखपत्रावरचाच फोटो मोठा करून छापलेला.

घर सोडून गेलेल्या या मुलावरचं काकूंचं पुस्तक येत्या रविवारी बाहेर येणार होतं. पुस्तकाबरोबर काहीतरी फुकट दिल्याशिवाय माणूस त्याला हात लावत नाही, असं प्रकाशनाच्या मालकांचं ठाम मत. मागच्या कादंबरीबरोबर त्यांनी छत्र्या दिल्या होत्या. छत्र्या हातोहात संपल्या, कादंबऱ्या अजून जिन्याखाली पडून आहेत. या वेळी त्यांच्या मनात कप होते, बिल्ले होते, पानांत ठेवायच्या खुणेच्या पट्ट्या होत्या. काकूंनी एकेक करून सगळं मोडीत काढलं. कप स्वयंपाकघराबाहेर पडत नाही. पट्टी पुस्तकात दडून बसते. आणि पुस्तकाचं तरी काय, एकदा वाचलं की कपाटात गेलं. पिशवी मात्र बाजारात जाते, बसमध्ये बसते, परगावी जाते. जन्मभर लोकांचे कपडे शिवून पोट भरलेल्या या बाईने मान मोडून पुस्तक लिहिलं ते या पिशवीसाठी, आणि हे त्यांनी मालकांना तोंडावर सांगितलं होतं. कापड जाड घ्या, बंदांना दुहेरी शिलाई मारा, असंही बजावलं होतं. पिशवी टिकायला हवी होती.

मुलगी दारातून वळून परत आली. तिला वाटलं, काकू खूश होतील. काकूंचा चेहरा पार उतरला होता.

"हा सापडणार नाही," त्या म्हणाल्या. "हा पोरगा आता कुठेच नाहीये."

मालक चपापले. मग काकूंनीच समजावलं. आता त्याची पंचविशी उलटलीय. दाढी ठेवली असेल. बापावर गेला असेल तर टक्कलही पडायला लागलं असेल. पिशवीवरचं हे पोर शोधत फिरणारा माणूस खऱ्याच्या शेजारून निघून जाईल आणि त्याला पत्ताही लागणार नाही. इतके दिवस हे आपल्या डोक्यात कसं आलं नाही, याचाच काकूंना राग आला होता.

मुलीने धीर दिला. कॉम्प्युटरवर वय वाढवता येतं, म्हणाली, आणि लगेच कामाला लागली. जबडा रुंद झाला, ओठांवर मिशी आली, डोळ्यांखाली रेघा उमटल्या. मालक म्हणाले, अगदी जिवंत वाटतोय. काकू स्क्रीनजवळ गेल्या. चष्मा वर केला, पुन्हा नाकावर बसवला.

"कुणाचा मुलगा हा?"

खाली पिशव्या छापणाऱ्याचा माणूस ताटकळत उभा होता. आज त्याच्या हातात चित्र पडलं नाही तर रविवारी पिशव्या मिळणार नव्हत्या, आणि लोक जमणार होते ते रविवारीच. मालकांनी हळूच सुचवलं की एखादा उडणारा पक्षी टाकून देऊ, शोभून दिसेल. काकूंनी हातानेच नको म्हटलं. पण हा रविवार हुकला की संपलं. त्यांच्यापाशी दुसरं पुस्तक नव्हतं. होतं नव्हतं ते सगळं त्यांनी या एकात ओतलं होतं.

त्या खुर्चीत बसून राहिल्या. डोळे मिटून त्यांनी त्याला दाढी लावून पाहिली, अंगाने जाड करून पाहिलं. काही केल्या जमेना. पोटचा पोर, आणि त्याचा आजचा चेहरा त्यांना डोळ्यांपुढे आणता येत नव्हता. इतकी लाज त्यांना आजवर कधी वाटली नव्हती.

मग त्या उठल्या.

"माझा फोटो छापा."

"अहो ताई, तुम्ही कुठे हरवलायत?" मालक म्हणाले.

"मला तो ओळखता येणार नाही. पण तो मला ओळखेल. केस पिकले म्हणून काय झालं, आई आहे मी त्याची. कुठल्यातरी गावात, कुणाच्या तरी खांद्यावर दिसेन त्याला."

मालकांनी मान खाजवली. लेखिकेचं तोंड मिरवत भाजी आणायला कोण जाईल, अशी त्यांची शंका होती, आणि ती त्यांनी जमेल तितक्या गोड शब्दांत मांडली.

"मग पुस्तकं ठेवून घ्या," काकू म्हणाल्या, "आणि नुसत्या पिशव्या वाटा."

खालच्या माणसाला चहा पाजून थोडा वेळ थांबवतो, असं म्हणत मालक जिना उतरून गेले.

मुलीने काकूंना पांढऱ्या भिंतीपुढे उभं केलं. काकूंनी तोंड पुसलं, केस सारखे केले आणि शिवणाचं माप देताना गिऱ्हाईक उभं राहतं तशा ताठ उभ्या राहिल्या. मुलगी म्हणाली, थोडं हसा. काकूंनी ओठ ताणले. तिने एक फोटो काढला, मग आणखी एक, मग अजून एक.

पुस्तक छापायला जाण्याआधीच मुलीने ते वाचलं होतं. शेवटच्या संध्याकाळी काकू मुलाला दारात काय बोलल्या, ते त्यांनी त्यात जसंच्या तसं लिहिलं होतं. चालता हो, पुन्हा तोंड दाखवू नकोस.

काकूंनी तिच्या हातातून फोन घेतला. एकेक फोटो पुढे सरकवला, मग परत मागे आणला.

"नीट बघून सांग पोरी," त्या म्हणाल्या. "रागावलेली नाही ना दिसत मी?"