सायलेन्सर काढ की

पृथ्वीराजचा साखरपुडा मोडला. म्हणजे, मोडलाच नाही. मुळात साखरपुडा झालेलाच नाही, असं गल्लीत ठरलंय.

संयोगिताचं स्थळ आधी मला आलेलं. यानं मित्र म्हणून तिच्या वडिलांना सांगितलं, "पोरगं म्हशीवाल्याचं हाय," आणि नंतर स्वतःच तिच्याशी साखरपुडा केला. वर खिशाला परवडणारी, मागच्या चाकांवर पळणारी, दोन दारांची स्पोर्ट्स गाडी घेऊन मलाच विचारतोय, "भावा, रोजच्या वापराला कशी वाटत्या?"

"नाद खुळा. फक्त सायलेन्सर काढ की मर्दा."

आमची हरणी म्हैस दिवाळी पाडव्याच्या म्हशींच्या शर्यतीसाठी सायलेन्सर काढलेल्या मोटारसायकलमागं पळायला तयार केलेली. मोटारसायकल आणि मोटार यातला फरक तिला कुणी शिकवलेला नाही. हा सायलेन्सर काढून सासुरवाडीला निघाला आणि ती मागं लागली. गाडी प्रत्येक स्पीडब्रेकरवर पोट घासत थांबली, हरणी थांबली नाही. दारात तीच आधी पोचली.

सासरे म्हणाले, "म्हस मालकाच्याच मागनं येत्या. पावणं, तुम्ही पण म्हशीवालंच की."



मा. परिवहन अधिकारी यांस: सदर म्हैस रोजच्या वापरास योग्य आढळल्याने तिला स्पोर्ट्स गटात नोंदणी क्रमांक मिळावा, ही नम्र विनंती.