एवरेज

कारंज्याच्या पंपावर अशफाकने टाकी गळ्यापर्यंत भरली, मीटर वाचलं, मोबाइलवर भागाकार केला आणि त्याचा चेहराच उतरला. ट्रकचा एवरेज वाढायचा सोडून चक्क घटला होता.

हट्ट त्याचाच. ट्रक जुना, वडिलांनी, निजामुद्दीन यांनी, घाटाच्या रस्त्यांसाठी घेतलेला. ओढायला दणकट, पण समृद्धी महामार्गावर इंजिन नुसतं बोंबलायचं आणि डिझेल प्यायचं. म्हणून अशफाकने मागच्या एक्सलचे गियर बदलून घेतले. आता तेवढाच रस्ता कापायला इंजिनाला कमी फिरावं लागणार होतं. निजामुद्दीन यांनी एकच अट घातली. नेहमीची नागपूरची खेप करून यायची. एवरेज वाढला नाही, तर ट्रक धनज गावच्या फुलचंदला विकायचा.

फुलचंद पंपावरच येऊन थांबला होता. आकडा ऐकून तो टायरवरून हात फिरवू लागला, जणू ट्रक त्याच्याच अंगणात उभा होता. निजामुद्दीनही तिथेच होते. त्यांची उमेदीची सारी वर्षं याच स्टिअरिंगवर गेलेली. विकायचा त्यांनाही नव्हता. पण फुलचंदला शब्द दिला होता. अशफाकने चावी पुढे केली. त्याला रडू येत होतं.

चावी घेता घेता निजामुद्दीन यांनी डिझेल किती लागलं ते विचारलं. दर खेपेपेक्षा कमीच, अशफाक म्हणाला, पण गाडीही कमी चालली, मीटर बघा.

निजामुद्दीन केबिनमध्ये चढले. या रस्त्याचे किलोमीटर त्यांना तोंडपाठ होते. मीटर पाहून ते हसायलाच लागले.

"माल तेवढाच होता ना? रस्ता तोच?"

"हो अब्बा. सगळं तेच."

"मंग किलोमीटर काहून कमी झाले? नागपूर इकडं सरकलं का?"

आता अशफाकच्या लक्षात आलं. मीटरची केबल गियरबॉक्सला जोडलेली. तिथून मागे जाणारा शाफ्ट नव्या गियरमुळे कमी फिरत होता आणि मीटर बिचारं जुन्याच हिशेबाने किलोमीटर मोजत होतं. रस्ता पुरा कापला होता, डिझेल खरंच वाचलं होतं.

निजामुद्दीन यांनी चावी त्याच्या हातात परत दाबली आणि ते फुलचंदकडे वळले.

"गाडी नाही भेटत आता, फुलचंदभाऊ. आमच्या पोट्ट्यानं गियर बदलला, फक्त मीटरले सांगाचं राह्यलं."