काशी पाहिलेली सुपारी

व्यंकटरावांच्या ओसरीवर युरोप अंथरला होता. निजामाचं राज्य जाऊन पाच-सहा वर्षं झाली, तरी पूर्णेच्या शाळेतला नकाशा अजून उर्दूतच होता. त्याच्या कडा सारख्या वर वळत होत्या, म्हणून एका कोपऱ्यावर पाण्याचा तांब्या, दुसऱ्यावर पानाचा डबा आणि रशियाच्या बाजूला बन्सीधर मास्तर स्वतः बसले होते.

व्यंकटराव आणि त्यांची बायको पद्मजा दिवसा शाळेत शिकवत आणि संध्याकाळी मोठ्या माणसांचे वर्ग घेत. ते रेल्वेतल्या गड्यांचा, ती बायकांचा. डेन्मार्कात अशा मोठ्यांच्या शाळाच असतात म्हणे. त्यातल्या एका शाळेनं पूर्णेहून दोन शिक्षकांना उन्हाळाभर बोलावलं होतं. नावं उद्या हैदराबादला कळवायची होती. एक व्यंकटरावांचं, दुसरं बन्सीधरांचं. बन्सीधरांनी संध्याकाळी कधी कुणाला शिकवलेलं नव्हतं, दिवेलागणीलाच त्यांना जांभया यायच्या. पण घर कोण बघणार, घरातल्या म्हाताऱ्या काकूंचं सोवळं कोण सांभाळणार, लोक काय म्हणतील, हे प्रश्न व्यंकटरावांनी स्वतःला विचारले होते आणि उत्तरंही स्वतःच दिली होती. पद्मजाला विचारायचं राहून गेलं.

तिला विचारलं ते आज, आणि तेही कोपनहेगनात काय काय बघायचं एवढंच. शेवटचे दोन दिवस तिथं मोकळे मिळणार होते. तिकडून आलेलं शहराच्या चित्रांचं पुस्तक घरात तिनंच वाचलं होतं.

"सकाळी राजवाडा," मांडीवरच्या पुस्तकात बघत पद्मजा म्हणाली. "दुपारी बाराला पहारा बदलतो, तो चुकवायचा नाही. मग होडीत बसून कालव्यानं बंदरात. तिथं दगडावर एक पुतळा आहे, माशाच्या शेपटीची बाई."

"अन् तिकडचं ते नावाजलेलं लोणी कुठं काढायलेत?" बन्सीधरांनी विचारलं.

"ते खेड्यात बघाल, भाऊजी. इथं गोल बुरूज बघा. आत पायऱ्या नाहीत, वरपर्यंत नुसती चढण. रशियाचा बादशहा घोड्यावर बसून वर गेला म्हणतात. अन् मागून गाडीत त्याची राणी."

व्यंकटराव हसले. "राणीला कशाला न्यायचं वर? खाली थांबायचं की."

"वरून शहर दिसतं," पद्मजा म्हणाली आणि तिनं पान उलटलं. "संध्याकाळी दिव्यांची बाग. पण दिवे उशिरा लागतात. उन्हाळ्यात तिथं दिवस मावळायला रात्रीचे दहा वाजतात."

"अगं बाई!" उंबऱ्याशी वाती वळत बसलेल्या कमलबाई काकू म्हणाल्या. "मग व्यंकट, तू संध्या कधी करणार रे?"

"घड्याळ बघून, काकू." व्यंकटराव भलतेच खुशीत होते. ते बायकोकडे वळले. "तुला तर सगळं पाठ आहे. जाऊन आल्यासारखी बोलायलीस."

पद्मजानं पुस्तक मिटलं. पहिल्या दिवशी ते उघडलं तेव्हापासून तिला जायचं होतं. इतके दिवस ती कुणीतरी विचारील म्हणून थांबली होती.

"जाऊन नाही आले," ती म्हणाली. "मला यायचंय."

बन्सीधर मास्तर खाली रशियाकडे बघत राहिले. व्यंकटरावांनी पानाचा डबा उचलला, तसा नकाशाचा कोपरा गुंडाळला गेला, म्हणून त्यांनी तो परत ठेवला.

काकू उठल्या. देवघरात गेल्या आणि लाल फडक्यात बांधलेली एक सुपारी घेऊन आल्या.

"हे बघ पोरी, वाईट वाटून घेऊ नको. तुझे काका काशीला गेले तेव्हा मलाबी घरीच ठेवलं होतं. बायकोशिवाय पूजा पुरी होत नाही, म्हणून माझ्या नावची ही सुपारी कमरेला खोचली अन् गंगेची पूजा केली. मला घरबसल्या काशी घडली. व्यंकट तुझ्या नावानं हीच नेईल. तुझंबी ते गाव बघून होईल."

व्यंकटरावांचा जीव भांड्यात पडला. "हे बेस सांगितलं, काकू!"

पद्मजानं सुपारी तळहातावर घेतली. बरीच वर्षं हळदी-कुंकू वाहून ती काळपट पडली होती.

"काकू, काशीचा घाट कसा आहे हो?"

टोमणा नव्हता. भूगोल शिकवणारी बाई होती, तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

"घाट ना? घाट म्हणजे... लय पायऱ्या असतील."

"अन् गंगा?"

"रुंद असंल की. एवढी मोठी नदी."

"काकांनी सांगितलं नाही?"

"त्यांना कुठली सवड! आले, गंगा पुजली, जेवायला बसले. मीबी विचारलं नाही. काशी घडली म्हणाले, म्हटलं घडली."

काकू पुन्हा वातींकडे वळल्या. एक वात वळली, दुसरी कापसाच्या पेळूतच राहिली. मग त्यांनी हात पुढं केला, पद्मजाकडून सुपारी परत घेतली आणि उजेडाकडे धरून बराच वेळ बघितली. इतकी वर्षं रोज पुजलेली, पण अशी बघितली नव्हती.

त्या वाकल्या आणि सुपारी त्यांनी नकाशावर, बन्सीधर मास्तरांच्या पुढ्यात ठेवली.

"व्यंकट, नाव पद्मजाचं घाल," काकू म्हणाल्या. "अन् ही बन्सीधराच्या नावानं खोच कमरेला. हिला प्रवासाची सवय आहे."